बिघाड कुठला आणि आवाज कुठला?

परवा एका जुन्या मित्राच्या मुलीचा फोन आला. "अंकल, पप्पांचा ॲम्प्लिफायर तसाच पडून आहे. भंगारवाला दीडशे रुपये म्हणतो. तुम्हाला हवा का?" मित्र जाऊन दोन वर्षं झाली. मी रिक्षा करून गेलो आणि ते धूड घरी घेऊन आलो. बायकोने दारातच विचारलं, "आता हे कुठे ठेवणार?" उत्तर माझ्याकडे अजूनही नाही. पण त्या धुडाच्या निमित्ताने जे जे आठवलं आणि मग जे जे वाचून काढलं, ते इथे लिहून ठेवतो.

हा मित्र म्हापशाकडच्या एका बँडमध्ये बेस गिटार वाजवायचा. लग्नं, फेस्ताचे डान्स, कधीमधी तियात्र. त्याआधी त्याच्या हातात रबेकांव होता. रबेकांव म्हणजे उभा धरून वाजवायचा तो भलामोठा डबल बेस, शब्द पोर्तुगीजांचा. सत्तरच्या दशकात बँडवाल्यांनी इलेक्ट्रिक गिटारी घेतल्या, त्यांच्यापुढे रबेकांव ऐकूच येईना, म्हणून यानेही बेस गिटार घेतली. आता बेस गिटार म्हटली की ॲम्प्लिफायर आला. परदेशी ॲम्प्लिफायर त्या काळात आपल्याला परवडणं सोडाच, आयातीच्या निर्बंधांमुळे डोळ्यांनी दिसणंही कठीण. मग बाजारामागच्या रेडिओ दुरुस्तीवाल्या मेस्ताने त्याला एक बांधून दिला.

मेस्त हा आमच्या गोव्यातला खास शब्द. पोर्तुगीज 'मेस्त्रे'वरून आलेला. हाताने काम करणारा जाणकार कारागीर तो मेस्त. या मेस्ताकडे इंग्लंडच्या मुलार्ड कंपनीचं ॲम्प्लिफायरच्या आराखड्यांचं पुस्तक होतं, पानं सुटलेलं, कडांना वाळवीने खाल्लेलं. त्यातला वीस वॅटचा आराखडा त्याने घेतला. शेवटच्या टप्प्याला दोन ईएल३४ व्हॉल्व्ह आणि विजेचं एसीचं डीसी करायला एक जीझेड३४. मुळात हा आराखडा दिवाणखान्यात बसून रेकॉर्ड ऐकणाऱ्या सभ्य माणसांसाठी केलेला. त्यावर आमचा मित्र रात्रभर बेस वाजवणार! व्हायचं तेच झालं. दोन मोसमांत तो ॲम्प्लिफायर आजारी पडला.

तेव्हा मी कॉलेजात होतो आणि संध्याकाळी मेस्ताच्या दुकानात टाइमपास करायला बसायचो. म्हणून पुढचं सगळं डोळ्यांदेखत घडलेलं आहे. पण ते सांगण्याआधी जरा लांबचा फेरा मारावा लागेल. बेस ॲम्प्लिफायरचा सगळा इतिहासच मुळी दुरुस्तीचा इतिहास आहे, हे मला हल्लीच कळलं.

बेसची पंचाईत अशी की त्याची सर्वांत खालची तार सेकंदाला सुमारे ४१ वेळा कंप पावते. इतका खोल सूर मोठ्याने ऐकवायचा तर स्पीकरच्या कागदी शंकूला बरंच पुढे-मागे धावावं लागतं, भरपूर हवा ढकलावी लागते आणि त्यासाठी शक्तीही गिटारीच्या कितीतरी पट लागते. म्हणजे यंत्रात जे काही कमजोर असेल ते बेस आधी शोधून काढतो. खोक्याचा सैल स्क्रू खुळखुळतो, झाळलेला सांधा सुटतो, व्हॉल्व्ह आपल्या खोबणीत हलायला लागतो. आमचा मेस्त म्हणायचा की बेसवाला गिऱ्हाईक म्हणजे फुकटचा तपासनीस.

इलेक्ट्रिक बेस ज्याने रुळवला तो लिओ फेंडर स्वतः रेडिओ दुरुस्त करणारा माणूस. कॅलिफोर्नियातल्या फुलर्टन गावात १९३८ साली त्याने दुरुस्तीचं दुकान काढलं. शिक्षणाने हिशेबनीस. गिटार वाजवायला त्याला शेवटपर्यंत येत नव्हती! पण दुकानात येणारी बिघडलेली यंत्रं उघडून उघडून कुठलं यंत्र कुठे मोडतं हे त्याला पक्कं ठाऊक झालेलं. १९५१ साली त्याने 'प्रिसिजन बेस' बाजारात आणला आणि पुढच्याच वर्षी त्याच्यासाठी 'बेसमन' नावाचा ॲम्प्लिफायर. त्यात पंधरा इंची एकच स्पीकर होता. तेवढ्याने भागेना, तेव्हा दोन-तीन वर्षांतच त्याने एकाऐवजी दहा इंची चार स्पीकर बसवले, ओझं चौघांत वाटून टाकलं. पुढे १९५०च्या दशकाच्या अखेरीस जो बेसमन तयार झाला तो साधारण चाळीस वॅटचा. पेटीच्या आत एक कागद चिकटवलेला असे. कुठल्या खोबणीत कुठला व्हॉल्व्ह, ते त्यावर छापलेलं. दुरुस्ती करणाऱ्याचा विचार दुरुस्ती केलेल्या माणसालाच सुचणार. हा कागद लक्षात ठेवा, शेवटी पुन्हा लागणार आहे.

आता गंमत पाहा. इतकं करूनही बेसमन बेसला पुरा पडलाच नाही. पेटी मागून उघडी, त्यामुळे खोल सूर विरून जायचा आणि आवाज वाढवला की तो फाटायचा. पण गिटारवाल्यांनी तो लावून पाहिला आणि तो फाटणंच त्यांना आवडलं! मग लंडनच्या हॅनवेल भागात वाद्यांचं दुकान चालवणाऱ्या जिम मार्शल नावाच्या ड्रमवाल्याने १९६२-६३च्या सुमारास आपल्या दोन सहकाऱ्यांना घेऊन याच बेसमनच्या आराखड्यावर स्वतःचा ॲम्प्लिफायर बांधला, कारण अमेरिकेहून येणारा माल फार महाग पडायचा. पहिल्या जागेवर फेंडरने सौम्य व्हॉल्व्ह ठेवला होता, मार्शलकडे तिथे जास्त जोरकस ईसीसी८३ बसला. स्पीकर बारा इंची चार आणि पेटी मागून बंद. झालं, तो आणखीच लवकर फाटू लागला. ज्याला आज जग रॉक गिटारीचा आवाज म्हणून ओळखतं, त्याच्या मुळाशी बेससाठी केलेलं आणि बेसला न जमलेलं एक यंत्र आहे. बेसवाले मात्र होते तिथेच राहिले.

त्यांची अवस्था किती वाईट होती? ६ जून १९६२ रोजी बीटल्स पहिल्यांदा लंडनच्या ईएमआय स्टुडिओत वाजवायला आले. पॉल मॅकार्टनीचा बेस ॲम्प्लिफायर इतका घोंघावत होता की ध्वनिमुद्रण होईना. तेव्हा तिथल्या केन टाउनसेंड नावाच्या तंत्रज्ञाने स्टुडिओतल्या प्रतिध्वनीच्या खोलीतून टॅनॉयचा एक स्पीकर ओढून आणला, लीक कंपनीच्या बारा वॅटच्या ॲम्प्लिफायरला जागच्या जागी बेसची वायर खुपसायचं भोक झाळून दिलं आणि काम चालू केलं. शिवाय जॉन लेननचा ॲम्प्लिफायर खुळखुळत होता, तो दोरीने बांधला. मी हे वाचलं तेव्हा खुर्चीतून उठलो. अहो, हे तर आमच्या मेस्ताचं काम! लीकचा ॲम्प्लिफायरही घरात रेकॉर्ड ऐकायचाच होता, आमच्या मित्राच्या मुलार्डसारखा.

न्यूयॉर्ककडे मात्र एक माणूस होता ज्याला फाटका आवाज अजिबात खपत नसे. एव्हरेट हल. स्वतः डबल बेस वाजवणारा. त्याने १९४०च्या दशकात डबल बेसच्या पायाशी असलेल्या खुंटीतून आत मायक्रोफोन बसवायची युक्ती काढली. खुंटी म्हणजे पेग, म्हणून कंपनीचं नाव पडलं अँपेग. १९६० साली जेस ऑलिव्हर या त्याच्या सहकाऱ्याने 'पोर्टाफ्लेक्स' काढला. झाकण उलटं केलं की व्हॉल्व्ह पेटीच्या आत, सुलटं केलं की वर. पेटी बंद, आणि झाकणावरच्या यंत्राला खालचे हादरे लागू नयेत म्हणून मध्ये रबर. मला विचाराल तर बेसची खोड ओळखून बांधलेलं हे पहिलं यंत्र. डेट्रॉईटच्या मोटाउन कंपनीच्या कितीतरी गाण्यांमध्ये बेस वाजवणारा जेम्स जेमर्सन हा ॲम्प्लिफायर वापरत असे. हाच जेमर्सन आपल्या बेसच्या तारा तुटल्याशिवाय बदलत नसे. वर्षानुवर्षांच्या घामाने आणि मळाने त्या बोथट झालेल्या, आणि तोच आवाज त्याला हवा असायचा. आमच्याकडे तबल्याच्या शाईला कुणी साबण लावायला गेलं तर काय होईल? तसंच.

पण पंचवीस-तीस वॅटवर मैदानं भरेनात. १९६९ साली अँपेगनेच एसव्हीटी काढला. तीनशे वॅट, चौदा व्हॉल्व्ह, नुसत्या वरच्या खोक्याचं वजन चाळीस किलोच्या आसपास. रोलिंग स्टोन्सनी त्या वर्षीच्या अमेरिका दौऱ्यात याचे पहिलेवहिले नग वापरले. ऐकणाऱ्याचे कान कायमचे जाऊ शकतात, अशी सूचना त्यावर चिकटवलेली असायची. सुरुवातीला त्यात वापरलेले ६१४६ जातीचे सहा व्हॉल्व्ह मुळात रेडिओ प्रक्षेपणाचे. ते बँडच्या मारझोडीत टिकेनात, म्हणून नंतर ६५५० आले. म्हणजे पुन्हा तेच. आधी मोडलं, मग सुधारलं.

आता एका अशा बिघाडाकडे येतो जो कुणी दुरुस्त केला नाही. गाव नॅशव्हिल, वर्ष १९६१, मार्टी रॉबिन्सचं एक शांत, दुःखी प्रेमगीत. मध्ये ग्रेडी मार्टिनने सहा तारांच्या बेसवर छोटासा तुकडा वाजवला. ध्वनिमुद्रणाच्या टेबलावरच्या एका वाहिनीतला ट्रान्सफॉर्मर नेमका तेव्हाच दगावला होता. बेसचा आवाज गांधीलमाशी डब्यात कोंडल्यासारखा उमटला. मार्टिनला तो मुळीच आवडला नव्हता. पण तो तुकडा तसाच ठेवला गेला आणि गाणं तुफान चाललं. मग इतर गायक-वादक येऊन ग्लेन स्नॉडी या ध्वनिमुद्रकाकडे तोच आवाज मागू लागले. आली का पंचाईत? तोवर तो बिघडलेला भाग पुरता मेला होता! बिघाडच बिघडला. तेव्हा स्नॉडीने एका मित्राच्या मदतीने ट्रान्झिस्टर वापरून तो मुद्दाम घडवला. गिब्सन कंपनीने १९६२मध्ये तो पायाने दाबायच्या डबीत घालून 'मेस्ट्रो फझ-टोन' नावाने विकायला काढला. आत जर्मेनियमचे तीन ट्रान्झिस्टर आणि दीड व्होल्टच्या दोन बॅटऱ्या. त्याच कंपनीने त्या वर्षी हा फझ पोटातच बसवलेली बेस गिटारही काढली.

सुरुवातीला कुणी विचारेना. १९६५मध्ये रोलिंग स्टोन्सच्या 'सॅटिस्फॅक्शन'मध्ये कीथ रिचर्ड्सने ती डबी वापरली आणि मग दुकानांत झुंबड. गिटारवाल्यांची, अर्थात. त्याच वर्षी मॅकार्टनीने 'थिंक फॉर युअरसेल्फ'मध्ये फझ लावून बेस वाजवला, पण शेजारी साधा बेसही ठेवला, कारण या डब्यांमध्ये खालचा सूर पातळ होऊन जातो. आत येणाऱ्या वाटेवरचा कपॅसिटर लहान असतो, तो उंच सूर सोडतो आणि खोल सूर अडवतो. बेसवाल्यांच्या डब्या दुरुस्त करणारे लोक तिथे मोठा कपॅसिटर घालतात किंवा साधा आवाज वेगळ्या वाटेने नेऊन शेवटी मिसळतात. जर्मेनियमची आणखी एक खोड म्हणजे उकाडा सोसत नाही. मे महिन्यात आमच्या गोव्यात अशी डबी दुपारी एक बोलते आणि रात्री दुसरंच. बिघडली म्हणून आणतात आणि पंख्याखाली ठेवली की बरी होते.

असो. आता मेस्ताच्या दुकानात परत.

मित्राने आणून ठेवलेला ॲम्प्लिफायर मेस्ताने लगेच उघडला नाही. त्याचा नियम होता, "पयलीं आयक, मागीर उगड." आधी ऐक, मग उघड. मी अधीर होऊन पेचकस पुढे केला की हातावर चापट मारायचा. आधी त्याने तो सिरीज बोर्डवर घेतला. म्हणजे विजेच्या वाटेत शंभर वॅटचा दिवा. आत कुठे शॉर्ट असेल तर दिवा भगभगून पेटतो आणि यंत्र वाचतं. दिवा पेटला. जीझेड३४ काढला, दिवा मंद झाला. रोगी सापडला. दुसरा जीझेड३४ लावून पाहिला तर स्पीकरमधून जाडसर घों असा आवाज. मेस्त डोळे मिटून ऐकत राहिला. आपल्या विजेची घोंघों दोन प्रकारची असते. पन्नासाची असेल तर वायरिंगमधून, अर्थिंगमधून किंवा व्हॉल्व्हच्या तापणाऱ्या तारेकडून येते. शंभराची, म्हणजे बरोबर एक सप्तक वरची असेल, तर विजेच्या टप्प्यातले इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटर वाळलेले असतात. ही शंभराची होती. मग त्याने पेन्सिलीने एकेका व्हॉल्व्हवर टिचकी मारली. एक टंग करून बोलला, तो काढला. एका ईएल३४चं आतलं पत्र्याचं नळकांडं काळोखात तांबूस दिसत होतं. तिथे मागच्या टप्प्यातला कपॅसिटर गळत होता, नको तो डीसी दाब व्हॉल्व्हवर येत होता. वेळीच दिसलं, नाहीतर आणखी दोन डान्समध्ये ट्रान्सफॉर्मर जळाला असता आणि तो पुन्हा गुंडाळून आणायला बेळगावची फेरी. खोबण्यांच्या पितळेवर खाऱ्या हवेने हिरवा थर धरलेला, तो त्याने दात घासायच्या ब्रशने साफ केला.

आत चारशे व्होल्टच्या वर दाब. बटण बंद करून, पिन काढून ठेवली तरी कपॅसिटरमध्ये तो बसून राहतो. मेस्त आधी एक जाड रेझिस्टर लावून तो रिकामा करायचा आणि मीटरने खात्री करायचा. डावा हात खिशात. मला त्याने कधी आत हात घालू दिला नाही, आणि हे वाचून कुणी घालू नये.

नवे कपॅसिटर आले. पण नवा जीझेड३४ बाजारात नव्हता, दाखवायला लावलेला दुसऱ्याचा होता. मेस्ताने त्या काळचा सगळ्यांचा उपाय केला. व्हॉल्व्हच्या जागी बीवाय१२७चे दोन डायोड. स्वस्त, टिकाऊ, तापत नाहीत. ॲम्प्लिफायर खणखणीत झाला. मित्र दहा रुपये देऊन घेऊन गेला.

पुढच्या सोमवारी परत हजर. तोंड पडलेलं.

"मेस्ता, आवाज गेला."

मेस्ताने लावून पाहिला. घोंघों नाही, फाटत नाही, पूर्वीपेक्षा मोठा. "पात्रांव, कुठे गेलाय? उलट वाढलाय."

"वाढलाय, पण माझा नाही. पहिला कसा यायचा... जरा दबून, मग फुगून. आता थप्पड मारल्यासारखा येतो."

मेस्त बराच वेळ काही बोलला नाही. मग म्हणाला, "मी बरा केला तर म्हणतोस आजारी होता तोच बरा."

मला तेव्हा हे नखरे वाटले होते. आज वाचल्यावर कळतं की तो अगदी नेमकं बोलत होता. जोरात तार छेडली की ॲम्प्लिफायर एकदम जास्त वीज ओढतो. व्हॉल्व्हमधून ती येताना दाब क्षणभर खाली बसतो आणि मग सावरतो. म्हणून सुराचं टोक बोथट होतं आणि मागचा भाग फुगतो. डायोडमध्ये हे बसणं जवळजवळ नाहीच. यंत्रशास्त्राच्या हिशेबात डायोड सरस. पण आमचा मित्र मूळचा रबेकांववाला. रबेकांवचा सूरसुद्धा असाच येतो, बोट पडल्यावर जरा उशिराने फुलणारा. वीस वॅटच्या त्या दमलेल्या यंत्रात त्याला त्याचं जुनं वाद्य सापडलं होतं, आणि मेस्ताने ते चांगल्या हेतूने दुरुस्त करून टाकलं.

मेस्ताने खण उघडला, एक जाड, सिमेंटच्या कवचातला रेझिस्टर काढला आणि डायोडच्या पुढे वाटेत झाळला. "वाजव." मित्राने वाजवलं, मान हलवली. मेस्ताने तो काढून दुसरा लावला. तिसऱ्या वेळी मित्र हसला. डायोडमुळे वाढलेला दाबही त्याने थोडा उतरला, म्हणजे ईएल३४चंही बरंच झालं. मित्राने पाकीट काढलं तेव्हा मेस्त म्हणाला, "काढायचे दहा झाले. घालायचे पाच दे."

त्यावर तो पुढे वीस-बावीस वर्षं वाजवत राहिला. आमचे कितीतरी गोवेकर मुंबईला जाऊन सिनेमाच्या वाद्यवृंदांत बसले, राहुलदेव बर्मनकडे बेस गिटार वाजवणारे टोनी वाझ तर सर्वांना माहीत आहेत. आमच्या मित्रालाही एकदा बोलावणं आलं होतं असं तो सांगायचा, आणि गेलो नाही असंही सांगायचा. का, ते कधी नीट सांगितलं नाही. मेस्ताचं दुकान नव्वदच्या दशकात बंद पडलं. तिथे आता मोबाईलची कव्हरं मिळतात.

ॲम्प्लिफायर घरी आणल्यावर मी एका तरुण तंत्रज्ञाला बोलावलं. हुशार पोरगा, गिटारवाल्यांचे ॲम्प्लिफायर दुरुस्त करतो. पिन लावायच्या आधी त्याने घरात दिवा आहे का विचारलं, सिरीजला लावायला, आणि मला बरं वाटलं. उघडून म्हणाला, "काका, इलेक्ट्रोलिटिक सगळे गेलेत, बदलावेच लागतील." बदल म्हटलं. "मेनची वायर दोन पिनांची आहे, अर्थ नाही. तीन पिनांची घालतो." घाल म्हटलं. मग चिमट्याने तो सिमेंटचा रेझिस्टर दाखवत म्हणाला, "आणि हा कुणीतरी जुगाड केलाय. आराखड्यात नाही. काढून टाकू? नाहीतर नवा जीझेड३४ही मागवता येईल, आता मिळतात."

मी त्याला खुर्ची दिली आणि वर लिहिलेलं सगळं सांगितलं, चहा दोनदा झाला. त्याने रेझिस्टर मीटरवर मोजला, दीडशे ओहम भरला. नवीन एक त्याच मापाचा पिशवीतून काढून त्याने जुन्याच्या जागी झाळला. जुना माझ्या हातावर ठेवला. मग मी एक कागद आणि फेव्हिकॉल आणून दिला. कुठल्या खोबणीत कुठला व्हॉल्व्ह ते त्याने लिहिलं, खाली दीडशे ओहम लिहिलं, आणि माझ्या सांगण्यावरून त्यापुढे 'काढू नये' असं लिहून तो कागद पेटीच्या आत चिकटवला. मित्राच्या मुलीला आता कळवायचं आहे की ॲम्प्लिफायर चालू झालाय, येऊन ऐक. बेस गिटार तिच्याकडेच आहे.